चौदा महिन्यांची चाल

केतकीने जाताना घराची किल्ली दिली नव्हती, कारण त्या घराला किल्ली नव्हतीच. "तीन पायऱ्या चढलीस की दार उघडेल. तुझी चाल ओळखतं ते," असं तिने विमानतळावरून फोन करून सांगितलं होतं. शुक्रवारी संध्याकाळी सारिका तोडकर ड्यूटी उतरून, गणवेशावरच स्वेटर चढवून यवतेश्वरच्या चढावरच्या त्या बंगल्याशी पोचली, तीन पायऱ्या चढली आणि दार उघडलं. आत बर्फी, केतकीची म्हातारी पांढरी कुत्री, शेपटी हलवत उभी होती.

काम फार नव्हतं. केतकी आणि तिचा नवरा निरंजन आठ दिवसांसाठी व्हिएन्नाला एका वैद्यकीय परिषदेला गेले होते. बर्फीला दोन वेळा खायला घालायचं, तिच्या गोळ्या पोळीच्या तुकड्यातून चारायच्या, गच्चीवरच्या कुंड्यांना पाणी द्यायचं आणि रात्री मुक्कामाला यायचं. "झोपायला मात्र रोज ये हं," केतकी दोनदा म्हणाली होती. "कुत्री एकटी राहत नाही."

सारिका एक्कावन्न वर्षांची होती आणि सव्वीस वर्षं एसटीत कंडक्टर होती. शहरातल्या गाड्यांवर तिकिटाचं काम केव्हाच यंत्रांनी उचललं होतं, पण बामणोलीकडच्या डोंगरातल्या फेऱ्यांना अजून माणूस लागे, म्हाताऱ्यांना हात देऊन चढवायला आणि ज्याचं त्याला हाक मारून उतरवायला. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. एक भाऊ म्हसवडला होता, तो दिवाळीला फोन करायचा. केतकी भागवत तिची पाचवीपासूनची मैत्रीण, एका बाकावरची. केतकी शिकत गेली, परदेशी राहून आली, साताऱ्यात तिने स्वतःची प्रयोगशाळा काढली, आणि तरीही दर दुसऱ्या रविवारी सारिकाला जेवायला बोलवायची. एवढी मोठी झाली पण मला विसरली नाही, असं सारिका आगारात सगळ्यांना सांगत असे.

केतकीचं मोठेपण ज्या शोधामुळे होतं, त्यावरच सारिका त्या संध्याकाळी चालत होती. घराच्या फरशीखाली काचेचा एक अतिशय बारीक तंतू नागमोडी अंथरलेला होता आणि त्यातून सतत प्रकाश वाहत होता. पाऊल पडलं की तंतू डोळ्याला कधीच दिसणार नाही इतका दबे, आणि तेवढ्यापुरता त्यातला प्रकाश बदले. त्या बदलावरून वजन किती, टाच आधी टेकली की बोटं, दोन पावलांत किती वेळ गेला, हे सगळं कळे. माणसाची चाल सहीसारखी असते, दोघांची सारखी नसते. घर चालीवरून माणूस ओळखे आणि ज्याला जी मदत लागेल ती देई. म्हातारी माणसं एकटी राहतात अशा पाच-सहाशे घरांत ही फरशी बसवलेली होती. केतकीच्या सासूबाईंची शेवटची दोन वर्षं याच फरशीवर गेली होती.

सारिकाने पिठलं-भाकरी केली, बर्फीला खायला घातलं, मैत्रिणीच्या मऊ सोफ्यावर बसून टीव्ही पाहिला. दहाच्या सुमारास पाहुण्यांच्या खोलीकडे निघाली तेव्हा तिच्या डाव्या बाजूच्या भिंतीतून एक लाकडी कठडा हळूच बाहेर आला. ती थांबली. कठडाही थांबला. ती पुढे गेली तसा पुढचा तुकडा बाहेर आला. रविवारी जेवायला येई तेव्हा असं कधी झालं नव्हतं. सासूबाईंच्या वेळचं काहीतरी चालू राहिलेलं दिसतं, असं मनाशी म्हणत ती खोलीत गेली. पलंगावर बसू लागली तर पलंग चार बोटं वर आला, गुडघे फार वाकवावे लागू नयेत असा. सारिका हसली. पण झोप लवकर लागेना. दिवा बंद केला तरी जमिनीलगत एक पिवळी रेघ जळत राहिली, पलंगापासून न्हाणीघरापर्यंत.

दीडच्या सुमारास ती उठली. पिवळ्या रेघेवरून चालत न्हाणीघरापाशी पोचली आणि पडली. पाय कशालाही अडला नव्हता. तिथे उंबरा नव्हता, पाणी सांडलेलं नव्हतं. डावं पाऊल उचलायला गेली, ते पुरतं उचललं गेलं नाही, एवढंच. गेलं वर्षभर असं मधूनमधून होत होतं. गाडीच्या पायरीवर दोनदा झालं होतं.

दोन मिनिटांनी छतातून एका बाईचा आवाज आला.

"नमस्कार, मी निगराणी केंद्रातून बोलतेय. पडलात ना तुम्ही? डोक्याला लागलं का?"

सारिकाची छाती धडधडत होती. "नाही. गुडघ्याला थोडं. तुम्ही कोण?"

"रात्रपाळीची ऑपरेटर. तुम्ही पडल्याची सूचना आधी डॉक्टर भागवतांना जाते, पण त्यांनी फोन घेतला नाही म्हणून आमच्याकडे आली. घाई करू नका. आधी उजव्या पायावर जोर द्या. डाव्यावर नको."

"डाव्यावर का नको?"

"तुमचा घोटा वर उचलणारे स्नायू गेलेत ना तिकडचे." आवाज सहज होता, रोजच्या कामातला. "सारिका तोडकर, बरोबर? मॅडम, तुमच्या फाइलला दुसरा टप्पा दिसतोय. या टप्प्यावर रात्री एकटं चालायचं नसतं. सोबत कोणी नाही का?"

"कसला टप्पा?"

ऑपरेटर थांबली. सारिकाला टाइप केल्याचा आवाज ऐकू आला. मग ती बाई वेगळ्याच, सावध स्वरात म्हणाली, "मॅडम, मी तुमचं बोलणं वरिष्ठांशी करून देते. सकाळी."

"बाई," सारिका जमिनीवर बसूनच म्हणाली, "मी सव्वीस वर्षं लोकांची तोंडं बघून तिकिटं फाडलीत. कोण खोटं बोलतंय ते मला आवाजावरून कळतं. फाइल माझी आहे ना? मग मला दाखवा."

ऑपरेटर म्हणाली, "तुमची नोंद मागायचा तुम्हाला हक्क आहे. स्वयंपाकघरातल्या पडद्यावर टाकते. पण बसून वाचा."

सारिका कठडा धरून स्वयंपाकघरात गेली. पडद्यावर या घरात नेहमी वावरणाऱ्यांची यादी होती. केतकी. निरंजन. कामाला येणाऱ्या रंजनाताई. सारिका. बर्फी.

बर्फीच्या नावापुढे लिहिलं होतं: मागच्या उजव्या पायावर भार कमी. सांध्याचा विकार, सुरुवात. नऊ दिवसांत उपचार सुरू.

तिच्या स्वतःच्या नावापुढे चौदा महिन्यांपूर्वीची तारीख होती. डाव्या पावलाची उचल कमी. चेतापेशींचा ऱ्हास, लक्षणपूर्व अवस्था, खात्री सत्त्याण्णव टक्के. आणि पुढच्या रकान्यात: कळवू नये.

त्याखाली एक आलेख होता. डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली एकच रेघ, आणि रेघेवर ओळीने ठिपके. सारिकाने ठिपक्यांवरच्या तारखा वाचल्या. सगळे रविवार होते. पहिले काही ठिपके दोन-दोन, तीन-तीन महिन्यांच्या अंतराने होते. चौदा महिन्यांपूर्वीच्या त्या तारखेनंतर मात्र एकही पंधरवडा चुकला नव्हता.

तिने फोन लावला. व्हिएन्नात तेव्हा रात्रीचे साडेदहा वाजत होते. केतकीने उचलला तेव्हा मागे माणसांचा, काचेच्या भांड्यांचा आवाज होता.

"अगं, आत्ताच सूचना बघितली. पडलीस? लागलं का?"

"केते, मला काय झालंय?"

मागचे आवाज कमी होत गेले. केतकी कुठेतरी बाहेर आली असावी. "कोणी सांगितलं तुला?"

"तुझ्या घराने. काय झालंय ते तू सांग."

केतकीने सांगितलं. तिला ते सोप्या शब्दांत सांगता येत होतं, तिने ते पुष्कळ ठिकाणी सांगितलं होतं. मेंदूपासून स्नायूंपर्यंत हुकूम नेणाऱ्या पेशी असतात. या आजारात त्या एकेक करून मरतात. आधी पाय किंवा हात, मग बोलणं, गिळणं, शेवटी श्वास. लक्षणं दिसेपर्यंत निम्म्या पेशी गेलेल्या असतात, म्हणून आजवर औषध लागू पडत नव्हतं. चाल मात्र त्याच्या वर्ष-दीड वर्ष आधी बदलते, माणसाच्या स्वतःच्याही लक्षात येणार नाही इतकी. तेव्हाच पाठीच्या कण्यातून एक इंजेक्शन दर तीन महिन्यांनी देत गेलं तर पेशींचं मरणं थांबतं. गेलेल्या परत येत नाहीत, उरलेल्या वाचतात. दीडशे जणांवर ते औषध वापरून झालं होतं.

"म्हणजे चौदा महिन्यांपूर्वी मला ते दिलं असतं, तर?"

"डावा पाय थोडा अधू राहिला असता."

"आणि आता?"

"आता उपयोग नाही. लक्षणं दिसायला लागल्यावर ते लागू पडत नाही."

"माझं डावं पाऊल घासतं म्हणून मी तुला सांगितलं होतं," सारिका म्हणाली. "याच ओट्याशी. तू मला बी-बाराच्या गोळ्या दिल्यास. डॉक्टरकडे जाऊ का विचारलं तर म्हणालीस, वय झालं आता, उगाच पैसे घालवू नकोस. मी चार महिने रोज त्या गोळ्या घेतल्या, केते."

"सारे, ऐक. औषध घेणाऱ्यांची तुलना कशाशी करायची? ज्यांना आजार कळला ते सगळे घाबरून वेगळं चालायला लागतात. जपून पाऊल टाकतात, व्यायाम करतात. रेघच बिघडते. ज्याला काही माहीत नाही अशा माणसाची चाल हवी होती, सुरुवातीपासून. वृद्धाश्रमांतून तीस जण मिळाले, पण ते सगळे अर्ध्या वाटेवर सापडलेले. अगदी पहिल्या दिवसापासून फक्त तूच होतीस. तुझ्या रेघेशिवाय हे औषध काम करतं हे सिद्धच होत नव्हतं. दर वर्षी या देशात हजारो माणसं..."

"मी सही कुठे केली?"

"फरशी बसवली तेव्हा. गेटपाशी टॅबवर. सगळेच पाहुणे करतात."

सारिकाला ते आठवलं. तिच्या हातात डब्याची पिशवी होती. केतकी म्हणाली होती, अगं कर टिक, आत यायचा पास आहे तो. "त्यात होतं का, मला सांगू नका म्हणून?"

"होतं. चौथ्या कलमात." केतकी म्हणाली. "पहिले तीन आठवडे मी रोज रात्री तुझा नंबर काढायचे. रोज, सारे."

"आणि लावायची नाहीस."

"नाही."

"आठ दिवस मुक्कामाला का बोलावलंस? कुत्रीसाठी?"

"झोपेतून उठल्यावरची चाल नव्हती आपल्याकडे," केतकी म्हणाली, आणि मग अगदी हळू, "रात्रीची मदत बंद करायची राहिली. नाहीतर तुला कळलं नसतं."

सारिकाने फोन ओट्यावर ठेवला. बर्फी तिच्या पायाशी येऊन बसली होती. तिने खुर्ची ओढली, बसली, पडद्यावरचं सगळं पुन्हा वाचलं, सावकाश, तळाच्या बारीक अक्षरांसकट. सव्वीस वर्षांत तिने परिपत्रकं अशीच वाचली होती, कारण बारीक अक्षरांतच कामाचं असे. आठव्या कलमात लिहिलं होतं की औषधाला शासनाची अंतिम मंजुरी मिळेपर्यंत सहभागी व्यक्तीला कधीही आपली नोंद कायमची पुसून मागता येईल. कारण द्यावं लागणार नाही.

फोन अजून चालू होता. तिने तो उचलला.

"केते, मी माझी नोंद पुसली तर?"

"असं करू नकोस."

"काय होईल ते विचारतेय."

"पुन्हा पहिल्यापासून. चार-पाच वर्षं. सारे, मी परवा हे मांडणार आहे. मला शिक्षा दे, पोलिसांत जा, पण हे नको. तेवढ्या वर्षांत किती माणसं मरतील विचार कर. तुझ्यासारखीच माणसं."

"तू केलास तसा विचार?"

केतकी रडू लागली. सारिकाने तिला रडू दिलं. तिला स्वतःला रडू येत नव्हतं, त्याचं तिलाच नवल वाटत होतं. डोक्यात फक्त एक गोष्ट घोळत होती. गाडीच्या पायरीवर ती दुसऱ्यांदा पडली तेव्हा तिने घरी जाऊन सगळ्यात आधी केतकीला फोन केला होता, आणि केतकीने अर्धा तास तिची समजूत काढली होती.

"मी पुसत नाही," सारिका म्हणाली. "पण मग तू यायचं. रोज सकाळी सहाला, माझ्या खोलीवर. मला उठवायचं, संडासला न्यायचं, अंघोळ घालायची, साडी नेसवायची, भरवायचं. नर्स पाठवायची नाही. बाई ठेवायची नाही. परगावी मुक्काम करायचा नाही. एक दिवस चुकलीस की मी नोंद पुसून मागणार."

"तू माझ्याकडे राहायला ये. मी सगळं..."

"या घरात मी पाऊल टाकणार नाही."

"किती दिवस?" केतकीने विचारलं, आणि तिने काय विचारलं ते तिच्याच लक्षात आलं.

"ते तुला माहीत. तूच सांग, किती?"

केतकीला खोटं बोलायला जागा नव्हती. "चार वर्षं. फार तर साडेचार."

"मग तेवढे दिवस."

सारिकाने बर्फीच्या भांड्यात पाणी भरलं, सकाळच्या गोळ्या रंजनाताईंसाठी काढून ठेवल्या आणि पहाटे पाच वाजता घरातून निघाली. उतारावर थंडी होती. बंगल्याच्या फाटकाबाहेर साधा डांबरी रस्ता होता. ती रस्त्याच्या कडेने, डावा पाय घासत, थांबत थांबत खाली उतरली.

केतकीने व्हिएन्नात निष्कर्ष मांडले आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानाने परत आली.

पुढचं सगळं तिने सांगितलं होतं त्याच क्रमाने झालं. सहा महिन्यांत सारिकाचा दुसरा पाय गेला. तिने नोकरी सोडली. मग हात. दुसऱ्या वर्षाच्या शेवटी जीभ जड झाली. केतकी रोज सहाला यायची. निरंजन पहिल्या वर्षी चिडला, दुसऱ्या वर्षी पुण्याला राहायला गेला. केतकीची पाठ दुखायला लागली, कारण उचलायचं कसं हे तिला कोणी शिकवलं नव्हतं आणि सारिकाने शिकू दिलं नाही. घास गरम असला की सारिका तो तोंडातून खाली सोडून द्यायची. केतकी पुसायची, पुन्हा फुंकर घालायची.

एकदा केतकी तापाने फणफणत आली. सारिकाला तेव्हा थोडं बोलता येत होतं. केतकी दारातच भिंतीला टेकली तशी ती म्हणाली, "आधी केस विंचर." केतकीने विंचरले. कंगवा तिच्या हातातून दोनदा पडला.

तिसऱ्या वर्षी औषधाला मंजुरी मिळाली. त्या दिवशी सारिकाच्या हातातलं सगळं संपलं, कारण आता नोंद पुसता येणार नव्हती. हे दोघींनाही माहीत होतं आणि दोघी त्यावर बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पहाटे सारिका जागी होती. पाच वाजल्यापासून खालच्या रस्त्यावरची प्रत्येक गाडी ऐकत होती. सहाला केतकीची गाडी थांबली. जिन्यावर तिची पावलं वाजली. सारिकाने डोळे मिटून घेतले आणि झोपल्याचं सोंग केलं.

पण त्याने काही मऊ झालं नाही. सारिका आता नुसत्या डोळ्यांच्या हालचालीने समोरच्या पडद्यावर अक्षरं लिहायची. तो पडदा वाक्यं मोठ्याने बोलून दाखवू शकत होता, तिच्या जुन्या आवाजातही. सारिकाने तो आवाज बंद करून ठेवला होता. तिचं लिहिलेलं केतकीने वाचायचं, जसंच्या तसं.

चौथ्या वर्षीच्या फाल्गुनात मेढ्याहून एक गृहस्थ आले. विलास जंगम, लाकडाच्या वखारीत काम करणारे, पन्नाशीचे. त्यांचा आजार फरशीवरच सापडला होता आणि मंजुरीनंतरच्या पहिल्याच महिन्यात त्यांना इंजेक्शन सुरू झालं होतं. केतकीमॅडम सकाळी इथे भेटतात असं प्रयोगशाळेत कळलं म्हणून ते कंदी पेढ्यांचा पुडा घेऊन थेट आले होते. त्यांनी केतकीला वाकून नमस्कार केला. बोलता बोलता त्यांचे डोळे भरून आले. मुलीचं लग्न आलंय म्हणाले, मांडवात उभा राहणार आहे.

मग त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं. "या ताई कोण, मॅडम? यांनाही तेच झालंय?"

"माझी मैत्रीण," केतकी म्हणाली.

पडद्यावर अक्षरं उमटायला लागली. पलंगावरून फक्त डोळे हलत होते. केतकीने पडद्याकडे पाहिलं. सारिकाने लिहिणं थांबवलं आणि तिच्याकडे बघत राहिली. केतकीने ओठांवरून जीभ फिरवली आणि वाचायला सुरुवात केली.

"मी सारिका तोडकर. माझा आजार या बाईला चौदा महिने आधी माहीत होता. औषधही माहीत होतं. तिने मला सांगितलं नाही. मी कशी चालते ते बघायला दर पंधरवड्याला जेवायला बोलावलं. माझ्यावरून तुमचं औषध ठरलं."

जंगम एकदा केतकीकडे, एकदा पलंगाकडे पाहत राहिले. हातातला पुडा त्यांनी कुठे ठेवावा हे न कळून पोटाशी धरला. "मॅडम, हे खरं आहे?"

"खरं आहे," केतकी म्हणाली.

"पण तसं झालं नसतं तर मी..." त्यांनी वाक्य पुरं केलं नाही. "ताई, मी काय करू? सांगा मला. मी काय करू तुमच्यासाठी?"

पडद्यावर दोन शब्द आले.

"चालून दाखवा," केतकीने वाचलं.

जंगम पलंगापासून दारापर्यंत गेले आणि परत आले. खोली लहान होती, सहा पावलं जायची, सहा यायची. त्यांची चाल किंचित आखडलेली होती, पण पाऊल पुरतं उचललं जात होतं, टाच आधी टेकत होती. केतकीने नजर खिडकीकडे वळवली.

सारिकाने लिहिलं.

"केतके, खाली बघ. त्यांच्या पायांकडे," केतकीने वाचलं, आणि खाली पाहिलं. पडद्यावर पुढचा शब्द आला. तिने तोही वाचला.

"पुन्हा."